नांदेड ते लातूर, शिडीपासून शिडीपर्यंत

सरांनी 'जवळ' हा शब्द सोडला होता. कुणी तंबाखू सोडतं, कुणी मटण सोडतं, तसा.

लातूरच्या रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर आपण हात वर करतो, 'हितंच हाय की' म्हणतो आणि मोकळे होतो. सर सायकलवरून खाली उतरायचे. पायी जाणार की रिक्षानं, सामान किती, सोबत म्हातारं माणूस आहे का, हे सगळं विचारून घ्यायचे आणि मग सांगायचे, "तुमच्या चालीनं एकवीस मिनिटं. रस्त्यात वरात लागली तर तीस." तोवर विचारणारा निम्म्या वाटेला लागलेला असायचा. सर त्याच्या पाठीला उत्तर देऊन पुन्हा सायकलवर बसायचे.

क्लासमधली पोरं त्यांच्या तोंडून तो शब्द काढायची पैज लावत. एकदा एकानं विचारलं, सर, तुमचा सगळ्यात जवळचा मित्र कोण? सर म्हणाले, "मित्र एकच आहे. उदगीरला राहतो. पासष्ट किलोमीटर."

अंगानं किडकिडीत, पायात टायरच्या चपला, आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. त्यांचे वडील गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. डावं घड्याळ वडिलांच्या हातचं, किल्लीचं, उजवं सेलवरचं. वेळ विचारली की दोन्ही सांगायचे. "साडेदहा. आणि दहा एकतीस." यातली खरी कोणती, असं कुणी चिडून म्हटलं तर शांतपणे म्हणायचे, "या दोहोंच्या मधली."

पॅंटच्या उजव्या खिशात चिंचोके असायचे. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. घरापासून मशीद, मशिदीपासून क्लास, क्लासपासून दवाखाना, सगळं शहर त्यांनी असं चिंचोक्यांत मोजून ठेवलं होतं. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणत असू. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा सरांनी मला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं. आतून चाची म्हणाल्या, "त्यांच्याकडं पाणी मागू नको बेटा. माठ किती पावलांवर हाय ते सांगतील. पाणी मलाच आणावं लागंल."

मी त्यांच्या क्लासची विद्यार्थिनी नव्हते. त्यांनी मला दोन वर्षं गणित शिकवलं ते रस्त्यावर, पहाटे चालताना. वही नाही, फळा नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एक उदाहरण सोडवायचं. चुकलं तर मागच्या खांबापाशी परत जायचं. एकदा एका त्रैराशिकासाठी मी त्या दोन खांबांमध्ये सहा वेळा फिरले. दूधवाला थांबून बघत राहिला. त्याला वाटलं काहीतरी हरवलंय.

अशा माणसाबद्दल दंतकथा होणारच. पोरं सांगायची, सरांची बहीण भूकंपात किल्लारीकडं गेली, हे वेळेवर पोचले नाहीत, तेव्हापासून असे झाले. मला ती गोष्ट फार आवडली होती. माझे वडील नांदेडला छापखान्यात कामाला होते, आणि जयंतीला, परिषदांना पथारी टाकून पुस्तिका आणि पत्रकं विकायचे. आमच्या घरात भांडी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाराखडी पुरी यायच्या आधी मला 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' वाचता येत होतं. त्यामुळं कुठलंही दुःख दिसलं की मला त्याचं पत्रक दिसायचं. मी सरांवर लेख लिहायला घेतला. व्यवस्थेनं एका भावाला बहिणीपासून कसं तोडलं, वगैरे. अर्धा झाल्यावर चालता चालता त्यांना वाचून दाखवला.

सरांनी सगळा ऐकून घेतला. मग म्हणाले, "माझी बहीण रेणापुरात हाय. परवा लोणचं पाठवलं तिनं. तू खाल्लंस."

त्या दिवशी त्यांनी खरं काय ते सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. धावपट्टीवर मदत उतरत होती, बाहेरून ट्रक, टँकर येत होते, आणि वाटा सांगायला शिक्षकांना उभं केलं होतं. एका टँकरवाल्यानं त्यांना दोन गावांची नावं दाखवली आणि आधी कुठं जाऊ म्हणून विचारलं. सरांनी एका नावावर बोट ठेवलं. हे जवळ आहे, म्हणाले, तासाभरात पोचाल. नकाशावर ते खरंही होतं. पण त्या रस्त्यावर सगळ्या मराठवाड्यातून पडलेली घरं बघायला आलेल्या लोकांच्या जीपा आणि टेम्पो अडकून पडले होते. टँकर अंधार पडल्यावर पोचला. तिथं तोवर दुसरा टँकर येऊन गेलेला. लांबच्या गावाचा रस्ता मात्र मोकळा होता. तिथं तो दीड तासात गेला असता.

"मग त्या गावात कुणी मेलं का?" मी विचारलं. माझ्या लेखाला ते हवं होतं.

"न्हाई. दिवसभर तहानलेली राहिली माणसं. लहान लेकरं होती." चार पावलं चालून म्हणाले, "तेवढं पुरे न्हाई का तुला?"

मी तो लेख फाडला. आजवर लिहिलेल्यातलं मी स्वतः फाडलेलं ते पहिलं.

आता मला हा माणूस भेटला कसा, ते सांगते.

मी दहावी झाले त्या वर्षी नांदेडहून लातूरमार्गे मुंबईला जाणारं एक छोटं, पंख्यांचं विमान सुरू झालं होतं. आमची वस्ती नांदेडच्या विमानतळाच्या भिंतीमागं. विमानाची शिडी काढताना भिंतीवरून दिसायची. माझा मामा लातूरच्या विमानतळावर कंत्राटदाराकडं पहारेकरी होता. त्याला त्या नोकरीचा एवढा अभिमान, की तिकडं विमानाला शिडी लागली की तो आमच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे 'तुमचं विमान पोचलं.' आमची आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आलं गं बाई मामाचं इमान." शिडी काढल्यापासून मिस्ड कॉलपर्यंत पस्तीस मिनिटं. हे मी किती वेळा बघितलं असेल याला गणती नाही.

आणि लातूरला तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. ज्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती असायच्या तिथं मेरिटच्या पोरांचे फोटो आले. लोक घराच्या वर पत्र्याची खोली काढत आणि चार कॉटची 'मुलींची अभ्यासिका' म्हणत. माहूरपासून देगलूरपर्यंतचे आईबाप ट्रंका घेऊन स्टँडवर उतरत. मला या सगळ्याचा राग होता, आणि त्या रागासकट मला तिथं जायचं होतं. डॉक्टर व्हायचं तर लातूर, असं आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फी आम्हाला झेपणारी नव्हती. पण एका क्लासनं परीक्षा घेऊन दहा मोफत जागा द्यायचं जाहीर केलं. राहायला मामाची खोली होती. प्रश्न फक्त त्या दहांत येण्याचा होता.

पेपरात एक प्रश्न असा होता: नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ हे हवाई अंतर एकशे चोवीस किलोमीटर, विमानाचा वेग ताशी तीनशे बहात्तर किलोमीटर, तर प्रवासाला किती वेळ लागेल? पर्याय वीस, पंचवीस, तीस, पस्तीस.

मला भागाकार येत होता. वीस येतात हे मला पहिल्या क्षणीच दिसलं होतं. पण मी पस्तीसवर खूण केली. माझ्या डोळ्यांदेखत रोज पस्तीस लागतात आणि कुणीतरी खोलीत बसून मला वीस म्हणायला लावतो, हे मला सहन झालं नाही. त्यात खरेपणा किती आणि माज किती, हे आज मला नीट सांगता येणार नाही.

निकाल लागला. दहाव्या मुलापेक्षा मला एक गुण कमी होता.

मामाच्या खोलीवर बसून मी एक पत्रक लिहिलं. 'आम्ही पाहिलेलं खोटं आणि तुम्ही भागलेलं खरं?' असं वर मोठ्या अक्षरांत. शेवटची ओळ होती, 'आम्हाला दया नको, न्याय हवा.' त्याच्या प्रती काढल्या आणि क्लास सुटायच्या वेळेला फाटकात उभी राहिले. पोरं घेत होती, होडी करत होती, काही चुरगाळून टाकत होती. एक किडकिडीत माणूस सायकल हातात धरून थांबला. त्यानं पत्रक घेतलं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. मग खिशातून लाल पेन काढून 'पस्तीस'भोवती गोल केला.

"कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत?" त्यानं विचारलं.

मला वाटलं थट्टा करतोय. मी फणकाऱ्यानं म्हटलं, शिडीपासून शिडीपर्यंत. आणि भिंत, मामा, मिस्ड कॉल, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा उतरत गेला. पत्रकाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली.

"हा प्रश्न मी काढला," तो म्हणाला. "भागाकार सुटसुटीत यावा म्हणून वेग तीनशे बहात्तर धरला. पोरांना पंधरा वर्षं सांगून राहिलो की कुणाचं अंतर ते आधी विचारा, आणि स्वतः..." सर तसेच सायकल ढकलत निघून गेले. टँकरची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, म्हणून त्यांचा चेहरा तसा का झाला ते कळलं नाही.

मला वाटलं आता ते माझं उत्तर बरोबर धरतील. सरांनी काय केलं, तर पहाटेची एस.टी. धरून नांदेड गाठलं. पत्रकाच्या खाली आमचा पत्ता होता. त्या पत्त्यावर जाऊन माझ्या वडिलांना भेटले. उजव्या हातातलं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, मी आत बसल्यावर मला शिडी दिसणार नाही, तुम्ही भिंतीपाशी उभे राहा. लातूरच्या टोकाला मामाला आधीच बजावून ठेवलं होतं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून लातूरचा हा माणूस लातूरला आला. चाची पुढं कितीतरी दिवस येईल त्याला सांगायच्या, "लोकं इमानानं हजला जातात. आमचे हे नांदेडहून घरी आले."

मी मामासोबत फाटकाबाहेर उभी होते. बाकीचे प्रवासी फोटो काढत होते. सर तडक मामाकडं आले आणि शिडी कधी लागली ते विचारलं. मामानं तळहातावर पेनानं लिहून ठेवलेली वेळ दाखवली. मी विचारलं, सर, वरून ढग कसे दिसले? "बघायचं राहिलं," ते म्हणाले. "चाकं टेकायची वेळ चुकली असती."

नांदेडला फोन लावून वडिलांची वेळ घेतली. उभ्या उभ्या हिशेब केला. शिडीपासून शिडीपर्यंत पस्तीस मिनिटं. चाक सुटल्यापासून चाक टेकेपर्यंत बावीस.

"म्हणजे माझं बरोबर," मी म्हटलं.

"वीस कशातच बसत न्हाई, एवढं नक्की. पण तुझं पस्तीस शिडीचं. चाकाचं बावीस. मी पेपरात काय विचारलं होतं? शिडी का चाक? काहीच न्हाई. मग तो प्रश्नच न्हाई बेटा. तो सगळ्यांचा रद्द व्हायला पाहिजे."

मला त्यांचा इतका राग आला की मी मामाच्या मागं जाऊन उभी राहिले. माणूस माझ्यासाठी विमानातून येतो आणि उतरल्यावर मला अर्धंच बरोबर म्हणतो.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या संचालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी, मामा आणि सर. संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांना झंझट नको होतं. दहा मुलांचे फोटो फ्लेक्सवर लागले होते, पालकांना पेढे वाटून झाले होते. त्यांनी सरळ तोडगा काढला: जागा अकरा करू, अकरावी या मुलीला देऊ, तिनं पत्रक वाटणं बंद करावं आणि प्रश्न रद्द वगैरे काही जाहीर करायचं नाही. मामानं मला कोपर मारलं. "घे की गं. साहेब स्वतःहून देऊन राहिले."

खरं सांगायचं तर मी मनात त्या क्लासच्या पहिल्या बाकावर जाऊन बसलेही होते.

सर म्हणाले, जागा वाढवताय तर चांगलंच आहे. पण ती हिला द्यायची की नाही हे पेपर सांगतील. तो प्रश्न काढून सगळे पेपर पुन्हा तपासू, अकरावं नाव येईल त्याची ती जागा. दहांतल्या कुणाची काढायची नाही, चूक त्या पोरांची नाही. आणि प्रश्न चुकला होता असं सूचनाफलकावर लावायचं, माझ्या सहीनं.

संचालक वैतागले. म्हणाले, सर, एका गुणाच्या प्रश्नावर तुम्ही माझ्या क्लासची अब्रू काढताय. मुलगी खूश आहे, तिचा मामा खूश आहे, मग तुम्हाला काय पाहिजे?

सर माझ्याकडं वळले. त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं, घडी उलगडली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

"शेवटची ओळ तू लिहिलीस. दया नको म्हणून. ती मनापासून लिहिली होती, का पत्रकात लिहायची असते म्हणून लिहिली?"

केबिनमधला पंखा फिरत होता आणि तो कागद हलत होता. मामा माझ्याकडं बघत होता, त्याच्या नजरेत नुसती विनवणी होती. मी वडिलांच्या पथारीवर वाढले. ती ओळ मी शेकडो पत्रकांच्या तळाशी वाचली होती आणि एकदाही तिची किंमत कुणी माझ्याकडं मागितली नव्हती.

"सगळ्यांचे तपासा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच आवडला नाही, इतका बारीक आला.

मामा माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. सरांनी ते तीन दिवस क्लासमध्ये बसून एकट्यानं पेपर तपासले. प्रत्येकाची बेरीज दोनदा, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. चौथ्या दिवशी मला निरोप आला. मी गेले तेव्हा ते सूचनाफलकापाशी उभे होते. फलकावर त्यांच्या अक्षरात एक कागद आधीच लागला होता: अमुक क्रमांकाचा प्रश्न माझ्या चुकीमुळे रद्द. खाली सही. पोरं वाचत होती आणि एकमेकांना ढोसत होती. सरांच्या हातात दुसरा कागद होता, तो लावायचा बाकी होता.

तो त्यांनी माझ्या हातात दिला, आणि त्यासोबत दोन उत्तरपत्रिका.

अकरावं नाव माझं नव्हतं. मुरुडची एक मुलगी होती. तिनं तो प्रश्न कोरा सोडला होता. तिचे आणि माझे गुण सारखे, आणि सारखे असतील तर विज्ञानात ज्याचे जास्त तो पुढं, असा नियम अर्जावरच छापलेला. विज्ञानात ती माझ्या पुढं होती. म्हणजे ती पहिल्यापासूनच माझ्या पुढं होती. दहांनंतर मीच, असं मी धरून चालले होते. माझ्या सगळ्या पत्रकात, न्यायाच्या एवढ्या ओळींत, माझ्या पुढं कुणी उभं असेल असं मला एकदाही सुचलं नव्हतं. केबिनमध्ये मी हो म्हटलं असतं तर तिला कधी कळलंही नसतं.

"मी एकदा चुकलोय," सर म्हणाले. "म्हणून तू तपास. नुकसान तुझं होतंय, तू नीट तपासशील."

मी फरशीवर बसले. तिचा पेपर घेतला. एकेक उत्तर बघितलं. कुठं गुण जास्त पडलाय का, कुठं खाडाखोड आहे का, हे मी अगदी वाईट मनानं शोधलं; हे लपवण्यात अर्थ नाही. मग माझा पेपर घेतला आणि कुठं एखादा गुण द्यायचा राहिलाय का ते बघितलं. मग दोन्ही बेरजा पुन्हा केल्या, वरून खाली आणि खालून वर. पोरं वर्गात गेली, घंटा झाली, पुन्हा सुटली. सर तेवढा वेळ उभेच होते. त्यांनी एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही.

मी उठले आणि कागद त्यांना परत दिला.

"बरोबर आहे, सर."

"नक्की?"

"नक्की. लावा."

त्यांनी कागद फलकावर धरला. चारी कोपऱ्यांना टाचण्या मीच लावल्या.